१ मिमीची आर्टरी जोडायला १८० डिग्री, बॅकवॉल फर्स्ट की कंटिन्युअस? कोण काय वापरतं?

सुईदोरा_७५
नमस्कार मंडळी. मी प्लास्टिक सर्जरी एमसीएच पहिल्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेज, नाव नको. आमच्याकडे तुटलेल्या बोटांचे पेशंट काही कमी नाहीत (बोट परत जोडताना त्याची आर्टरी म्हणजे रक्त आणणारी नळी आणि व्हेन म्हणजे रक्त परत नेणारी नळी मायक्रोस्कोपखाली शिवावी लागते), एमआयडीसीतला पॉवर प्रेस, गावाकडची कडबा कुट्टी, रसवंतीचा चरक, आणि संक्रांतीच्या सुमारास मांजा. आत्तापर्यंत मी असिस्ट करत होतो म्हणजे पाणी मारायचं आणि दोरा कापायचा, आता व्हेनवर हात बसायला लागलाय आणि पुढच्या टर्मपासून आर्टरी देतील असं वाटतंय.

घोळ असा आहे की युनिटमध्ये दोन मतं आहेत. मोठे सर म्हणतात दोन टोकांना दोन स्टे सुचर (नळी ताणून धरायचे टाके) घे, पुढची भिंत शिव, क्लॅम्प (नळी बंद धरणारा चिमटा) उलटा कर, मागची शिव, झालं, हीच १८० डिग्री, पन्नास वर्षं जग हेच करतंय. मॅडम म्हणतात क्लॅम्प उलटायचाच नाही, मागच्या भिंतीच्या मधोमध पहिला टाका टाक आणि दोन्ही बाजूंनी वर ये, म्हणजे बॅकवॉल फर्स्ट. परत परवा एक बाहेरचे सर आले होते त्यांनी व्हेन सरळ कंटिन्युअस (एकाच सलग दोऱ्याने) शिवली, आणि इतक्या पटकन की मी बघतच राहिलो. आणि कॉन्फरन्सला जावं तर तिथे सगळे कपलरच (टाक्यांऐवजी रिंगांनी जोडायचं साधन) दाखवतात. पुस्तकात प्रत्येक पद्धतीचे फायदे तोटे दिलेत पण ते वाचून उद्या टेबलावर मी नक्की काय करू हे कळत नाही. तुम्ही लोक रोज काय वापरता आणि का? आणि सराव कशावर सुरू करू तेही सांगा.

मनगटवाला
मित्रा, दोघंही बरोबर आहेत आणि दोघांनाही हे माहीत आहे, पण रेसिडेंटला कोण सांगणार :)

माझ्यापुरता नियम सोपा आहे. व्हेसल फिरवता येते का? दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर मोकळी आहे, डबल क्लॅम्प सहज पलटतोय, मग १८० डिग्री कर, शिकायलाही तीच सोपी. बोटाच्या मुळाशी डिजिटल आर्टरी साधारण १ मिमीची मिळते, तिथे हे मस्त जमतं. पण क्लॅम्प उलटताना टोकांना पीळ पडतोय, किंवा जवळच फांदी आहे आणि ती ओढली जातेय, किंवा आर्टरी खोल खड्ड्यात आहे, तर मॅडमचं ऐक. बॅकवॉल फर्स्टमध्ये ल्युमेन (नळीची आतली पोकळी) शेवटच्या दोन-तीन टाक्यांपर्यंत समोर उघडी असते, मागची भिंत चुकून धरली जायचा प्रश्नच जवळपास संपतो. हाताला मात्र ती सुरुवातीला अवघड जाते, कारण पहिल्या टाक्यांना सुई एका टोकात बाहेरून आत आणि दुसऱ्या टोकात आतून बाहेर काढून गाठ बाहेर, म्हणजे मागे पाडावी लागते आणि ती गाठ नीट दिसत नाही.

१८० चा खरा धोका कुठे आहे तो समजून घे. दोन स्टे समोरासमोर ताणले की नळी चपटी होते, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटतात आणि मधला टाका टाकताना सुई दोन्हीतून जाते. म्हणूनच कॉबेटने १९६७ मध्ये स्टे १८० ऐवजी १२० डिग्रीवर घ्यायला सांगितले, मग मागची भिंत लांब राहते आणि ताणल्यावर खाली लोंबते, सुईच्या वाटेत येत नाही. तुझे मोठे सर बहुतेक हेच करत असतील आणि बोलताना १८० म्हणत असतील, एकदा मायक्रोस्कोपमधून नीट बघ.

पण खरं सांगू का, टाके कुठल्या क्रमाने टाकले यावर बोट जगतंय की मरतंय हे फार कमी ठरतं. आर्टरीचं टोक किती कापलं यावर ठरतं. प्रेसमध्ये चेचलेल्या बोटाची आर्टरी बाहेरून छान दिसते, आत बघावं तर इंटिमा (आतलं अस्तर) सुटून पडद्यासारखी तरंगतेय. अशा टोकावर जगातला कुठलाही टाका टाक, अर्ध्या तासात क्लॉट. चांगली इंटिमा दिसेपर्यंत मागे कापायचं, वरचा क्लॅम्प सोडून धार बघायची, चांगली उडाली पाहिजे, नुसती ओघळली तर अजून वर काहीतरी गडबड आहे. आणि कापून अंतर पडलं तर ओढून जोडायचं नाही, हाड थोडं कमी करायचं नाहीतर मनगटाच्या पुढच्या बाजूची बारीक व्हेन काढून ग्राफ्ट (मधला जोडतुकडा) टाकायची (उलटी करून, झडपा असतात). नवीन पोरं इथेच कंजुषी करतात, व्हेन ग्राफ्ट म्हणजे दोन जोड म्हणून घाबरतात, आणि मग एकच जोड ताणून करतात तो बंद पडतो.

चरकात ओढून तुटलेलं बोट असेल तर आधी बाजूने लाल रेघ दिसते का आणि आर्टरी रिबनसारखी वळलेली आहे का बघ. हे दिसलं की इजा लांबपर्यंत गेलीय असं समज, तिथे पद्धतीची चर्चा करण्यात अर्थ नाही, ग्राफ्टचीच तयारी ठेव. मांजाने कापलेलं स्वच्छ असतं, शिकायला तेच बरं.

जबडाफ्लॅप
मुंबईत तोंडाच्या कॅन्सरचं रिकन्स्ट्रक्शन करते. तंबाखू-गुटख्याच्या कृपेने आम्हाला जबडे कमी पडत नाहीत. पायातलं फिब्युला हाड त्याच्या आर्टरी-व्हेनसकट काढायचं, जबड्याचा आकार द्यायचा आणि मानेत जोडायचं. इथे आर्टरी तुमच्यापेक्षा जाड, दोन-अडीच मिमी, पण मान म्हणजे विहीर, त्यात क्लॅम्प उलटायला जागा नाही आणि फ्लॅप (म्हणजे रक्तवाहिन्यांसकट आणलेलं ते हाड) आधीच प्लेटवर फिक्स केलेला असतो, त्यामुळे मी बॅकवॉल फर्स्टवालीच. ९-० नायलॉन पुरतो, बोटाला तुम्ही १०-० घेत असाल (आकडा वाढला की दोरा बारीक).

कपलरबद्दल. दोन छोट्या रिंगा, त्यावर बारीक पिना, व्हेनचं टोक रिंगेतून ओढून पिनांवर उलटं अडकवायचं, दोन्ही रिंगा एकमेकींवर दाबायच्या, टक, झालं. आतली बाजू आतल्या बाजूला टेकते आणि रक्ताच्या वाटेत दोरा येतच नाही. कल्पना जुनी आहे, जपानमध्ये नाकायामाने १९६२ मध्येच असं यंत्र दाखवलं होतं, आत्ताचं रूप १९८६ च्या आसपास स्वीडिश लोकांनी आणलं. व्हेनला मी डोळे झाकून वापरते, काही मिनिटांचं काम, आणि आठ-दहा तासांच्या केसच्या शेवटी हात थकलेले असताना ते फार मोठं सुख आहे. पण आर्टरीला नाही. आर्टरीची भिंत जाड आणि ताठ, ती रिंगेवर उलटत नाही, जबरदस्ती केली की इंटिमा फाटते, त्यात रेडिएशन झालेल्या नाहीतर साठीच्या बिडी ओढणाऱ्या माणसाची असली तर पापुद्रे निघतात. काही जण आर्टरीला पण वापरतात, मऊ भिंत निवडून, माझी हिंमत नाही. किमतीचं वेगळं सांगायला नको, सरकारीत स्टोअरमधून मिळेपर्यंत तुझी एमसीएच संपेल.

अजून एक, दोन तोंडं सारखी नसतात हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि टेबलावर अर्धा तास खातं. दीडपटीपर्यंत फरक असेल तर लहान तोंड डायलेटरने हलकेच मोठं होतं, त्यापुढे लहान टोक तिरकं कापायचं, अगदीच जास्त असेल तर एंड टू साइड, म्हणजे एका नळीचं टोक दुसरीच्या कुशीत भोक पाडून जोडायचं. पायात एकच आर्टरी चालू उरलेली असेल तिथेही एंड टू साइडच, नाहीतर फ्लॅप जगेल आणि पाय जाईल. ल्युब्लियानाच्या गोडिनाने १९७९ मध्ये पायासाठी एंड टू साइडच चांगलं असं ठामपणे मांडलं होतं, पुढे बऱ्याच लोकांनी ताडून बघितलं तर नीट केलं की ते आणि टोकाला टोक, दोन्ही सारखंच चालतं.

नट_बोल्ट
मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलवाला, चुकून या धाग्यावर आलो आणि अडकलो. एक बाळबोध प्रश्न. एवढी बारीक नळी सुईने सात-आठ ठिकाणी भोकं पाडून का जोडता? ग्लू नाही का? लेझर वेल्डिंग? किंवा एक टोक दुसऱ्यात सरकवायचं, पीव्हीसी पाइपला आम्ही करतो तसं?

उंदीरमामा
@नट_बोल्ट प्रश्न अजिबात बाळबोध नाही, तुम्ही म्हणताय ते सगळं करून झालंय. बरीच वर्षं लॅबमध्ये पोरांना उंदराच्या मांडीतल्या आर्टरीवर शिकवतोय, ती पण साधारण १ मिमीची, बोटातल्या आर्टरीएवढीच.

सरकवण्याला स्लीव्ह म्हणतात, लॉरिट्झनने १९७८ मध्ये मांडलं. दोन-तीन टाक्यांत काम होतं, वेळ वाचतो. पण रक्ताच्या दिशेने वरचं टोक खालच्यात घालायचं म्हणजे आत अख्खी एक भिंत जास्त येते, नळी अरुंद होते, आणि लांबी जाते ती वेगळीच. बोटात तेवढी जास्तीची लांबी असतेच कुठे. ग्लू दोन प्रकारचा, फायब्रिन ग्लू शरीराला चालतो पण एकटा ताण धरत नाही म्हणून तीन-चार टाके लागतातच, आणि सायनोॲक्रिलेट घट्ट धरतो पण आत झिरपला की क्लॉट आणि भिंत कडक होते. लेझरने भिंतीतलं प्रोटीन तापवून चिकटवतात, प्रयोगात होतं, पण सुरुवातीला जोड नाजूक असतो आणि महागडं यंत्र आणूनही स्टे सुचर टाकावेच लागतात. म्हणून फिरून गाडी सुई-दोऱ्यावर.

अरुंद होण्याला एवढं का घाबरतात ते तुम्हाला लगेच कळेल. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. १ मिमीची नळी सगळीच ०.८ ची झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह जेमतेम ४१ टक्के. जोडाजवळ अरुंद भाग अगदी आखूड असतो त्यामुळे प्रत्यक्षात इतका घटत नाही, पण तिथे प्रवाह खळखळतो आणि प्लेटलेट बसायला जागा मिळते, आणि प्लेटलेटला तेवढंच हवं असतं.

आता @सुईदोरा, कंटिन्युअसचं. उंदरांवर तुलना केलेले अभ्यास बरेच आहेत आणि इंटरप्टेड (सुटे टाके) व कंटिन्युअसमध्ये नळी चालू राहण्याच्या प्रमाणात फारसा फरक दिसत नाही, वेळ मात्र कंटिन्युअसला स्पष्ट कमी. पण ते करणारे हात सरावलेले असतात हे विसरू नको. कंटिन्युअसमध्ये दोरा जरा जास्त ओढला की बटव्याची नाडी ओढल्यासारखं तोंड आवळतं, आणि एकदा आवळलं की सोडवता येत नाही, सगळं काढून परत. लहान मुलांत तर नकोच, नळी वाढायला जागा पाहिजे. व्हेन मोठी आणि मऊ असेल तर कर बिनधास्त.

तीन टोकांवर टाके घेऊन गोलाचा त्रिकोण करायचा ही युक्ती अलेक्सी कारेलची, १९०२ ची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो १८९४ मध्ये लिऑनला चाकूहल्ल्यात गेले, पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवणारं कोणी नव्हतं, ते कारेलच्या डोक्यात बसलं. मग तो तिथल्याच एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुईकाम शिकला. १९१२ मध्ये नोबेल. पण त्याच्या वेळी मायक्रोस्कोप नव्हता, तो १९६० मध्ये व्हरमाँटच्या जेकबसन आणि सुआरेझने आणला, दीड ते तीन मिमीच्या नळ्यांसाठी, आणि १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सू-तामाईने पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. पद्धती आधीच होत्या, दिसायला लागलं तेव्हा जमायला लागलं.

मनगटवाला
@उंदीरमामा मामा, उंदराचं ठीक आहे हो, पण माणसाच्या चेचलेल्या बोटात आर्टरीला कंटिन्युअस मी कोणाला करू देणार नाही, फरक पडत नाही म्हणणारे सगळे निरोगी, धारदार कापलेल्या आर्टरीवर मोजतात. उंदीर कुठे पॉवर प्रेसवर काम करतो. शिवाय स्पाझम आला की नळी आकसते आणि आपण आकसलेल्या मापाला दोरा ओढून बसतो, मग नंतर ती फुलायची म्हटलं तरी दोरा फुलू देत नाही. इंटरप्टेडला तो प्रश्न नाही.

उंदीरमामा
मान्य. मी पण व्हेनचंच म्हटलं होतं, आर्टरीत फार तर मागची अर्धी कंटिन्युअस आणि पुढे सुटे टाके, ते सुद्धा दीड मिमीच्या वर. आणि स्पाझमचा मुद्दा बरोबर आहे, प्रयोगात आम्ही लिग्नोकेन (बधिर करायचं औषध, नळी सैल पडते) टाकून निवांत थांबतो, तुमच्याकडे तेवढा वेळ कुठे.

सराव राहिलाच. पहिले काही आठवडे सर्जिकल ग्लोव्हजचा तुकडा ताणून त्यावर चीर, नुसत्या गाठी. मग चिकनवाल्याकडून अख्खी तंगडी आण, कापून नको म्हणून सांग, मांडीच्या हाडाजवळून आर्टरी जाते ती सोडव. पंखातली पण चालते. एका टोकातून २४ नंबरचा कॅन्युला घालून निळ्या शाईचं पाणी सोड, कुठून गळतंय आणि कुठे अडतंय ते दिसतं. पण तेवढ्यावर थांबू नको, नंतर जोड उभा चिरून आत बघ, हे कोणीच करत नाही. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या जोडात आत एक टाका पलीकडची भिंत धरून बसलेला असतो, दुसऱ्याची टोकं आत लोंबत असतात. जिवंत उंदरावर जायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, म्हणून मान्यताप्राप्त लॅबचा कोर्सच कर. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलला जाऊन काही दिवस नुसतं बघून आलास तरी डोळे उघडतील, रिप्लांटचं (तुटलेलं परत जोडायचं) काम तिथे रोजचं आहे.

सुईचं: भिंतीला काटकोनात घाल, कडेपासून भिंतीच्या जाडीच्या दीड-दोन पट आत, आणि फोर्सेपने (बारीक चिमट्याने) कधीही पूर्ण भिंत चिमटीत धरायची नाही, फक्त बाहेरचा सैल थर, ॲडव्हेंटिशिया. आतून आधार हवा तर फोर्सेपचं टोक बंद करून ल्युमेनमध्ये हलकेच टेकव.

नाईटड्यूटी_सिस्टर
तुमची सर्वांची पद्धत कुठलीही असो, रात्री तीन वाजता बोट आम्ही बघतो म्हणून दोन शब्द. पांढरं, गार, सुरकुतलेलं, दाबून सोडलं की रंग परत येत नाही, म्हणजे आर्टरी. निळं-जांभळं, टम्म, दाबून सोडलं की झटकन रंग येतो आणि टोचलं की काळपट रक्त, म्हणजे व्हेन. हे सांगायला फोन केला की काही रेसिडेंट म्हणतात सकाळी बघू. सकाळी बघायला काही उरत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक, खोली गरम ठेवायची, एसी बंद, पेशंट कुरकुरला तरी. आणि नातेवाईक बाथरूममध्ये सिगरेट ओढून येऊन शेजारी बसतात त्यांना बाहेर काढायचं कामही आमचंच.

व्हेन मिळालीच नाही किंवा बंद पडली तर जळवा लावतात, हो खरंच जळवा, अमेरिकेत तर २००४ पासून रीतसर मान्यता आहे. त्यांच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही आणि नवीन व्हेन तयार होईपर्यंत बोट रिकामं होत राहतं. सोबत अँटिबायोटिक पाहिजेच, जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचा जंतू असतो. जळू निसटून पलंगाखाली गेली की शोधायची कोणी हे मात्र कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नाही.

आणि डॉक्टर नसलेले जे वाचतायत त्यांच्यासाठी: तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणू नका, पाण्याच्या ग्लासात पण नको. सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. असं थंड आणलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडायचा प्रयत्न करतात, हात किंवा दंड असेल तर मात्र मसल असतो, तिथे घाई पाहिजे, गरम राहिला तर सहा तासांच्या आत.

सुईदोरा_७५
सगळ्यांचे आभार, सिस्टर तुमचे विशेष, मी सकाळी बघू म्हणणाऱ्यांतला नाही :) मनगटवाला सर, आज मोठ्या सरांच्या केसला मुद्दाम बघितलं, खरंच १२० घेतात हो! विचारलं तर म्हणाले तेच ते.

शेवटचे दोन प्रश्न. नखाच्या मुळाशी तुटलेलं बोट असेल तर आर्टरी अर्ध्या मिमीची पण नसते, तिथे काय? आणि क्लॅम्प सोडला आणि नाही चालली तर तुम्ही नक्की कशा क्रमाने बघता?

जबडाफ्लॅप
अर्ध्या मिमीला वेगळंच जग आहे, ०.३ ते ०.८ मिमीच्या नळ्यांच्या कामाला सुपरमायक्रोसर्जरी म्हणतात, जपानच्या कोशिमांनी ते रुजवलं. ११-० किंवा १२-० दोरा, ५० मायक्रॉनच्या आसपासची सुई, आणि मायक्रोस्कोप पण जास्त मोठं करून दाखवणारा लागतो, आपल्याकडच्या जुन्या मायक्रोस्कोपवर डोळे फुटतात. त्यांची एक युक्ती मला फार आवडते, जाड नायलॉनचा छोटा तुकडा दोन्ही टोकांत आत सरकवून ठेवायचा, त्याच्यावरून टाके टाकायचे म्हणजे मागची भिंत धरली जाणं शक्यच नाही, आणि शेवटचे टाके बांधायच्या आधी तुकडा ओढून काढायचा. काढायला विसरायचं नाही एवढंच. इथे बॅकवॉल फर्स्ट की १८० हा वाद संपतो, चार-पाच टाक्यांत गोल पूर्ण होतो. लिम्फिडीमाला (लिम्फ साचून येणारी सूज) लिम्फच्या नळ्या व्हेनला जोडतात ते याच हाताने. पण पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नको.

मनगटवाला
क्रम सांगतो. आधी खालचा क्लॅम्प सोड, मग वरचा. थोडं झिरपलं तर टाका घालायला धावू नको, कोमट सलाइन टाक आणि थांब, बहुतेक वेळा बंद होतं, धार उडत असेल तरच टाका. नाही चालली तर पहिला संशय स्पाझमवर, कोमट पाणी, पापाव्हेरीन किंवा लिग्नोकेन, दहा मिनिटं हात बाजूला. भूलवाल्यांना बीपी विचार आणि पेशंट गार पडलाय का तेही, नव्वदच्या बीपीवर बोट कसं चालेल. मग जोडाच्या खाली दोन फोर्सेपने रिकामं करून भरतंय का बघ, पण एकदाच, दर पाच मिनिटांनी हे करत बसलास तर तूच इंटिमा मोडशील.

तरी नाही भरली तर जोडात आहे. पुढचे दोन टाके काढून आत डोकाव, मागची भिंत धरलेली असेल तर तिथेच दिसेल, तेवढाच टाका बदल. पांढरट चिकट क्लॉट दिसला तर धुऊन तसंच परत शिवायचं नाही, कारण तो कशावर तरी बसलाय. दोन्ही बाजूंनी कापून मागे जा, परत धार बघ, अंतर पडलं तर ग्राफ्ट. ग्राफ्ट घ्यायची जागा सुरुवातीलाच धुऊन ड्रेप करून ठेवायला सिस्टरांना सांगून ठेव, रात्री दोन वाजता परत हात धुऊन ड्रेप बदलायचा कंटाळा येतो आणि मग माणूस नको ते ओढून जोडतो.